पिनोसायटोसिस : 'द्रवशोषण', 'पेशीपान' की आणखी काही?

प्रश्न असा आहे : जीवशास्त्राची टिपणं मराठीत काढताना 'पिनोसायटोसिस'साठी (पेशी बाहेरचा द्रव बारीक पिशव्यांत भरून आत घेते, त्या क्रियेसाठी) 'द्रवशोषण' आणि 'पेशीपान' हे दोन शब्द सुचले. कोणता घ्यावा?

'द्रवशोषण' नको. शोषतो तो टीपकागद, सुती पंचा, तापलेली माती. तिथे द्रव आपसूक मुरतो. पेशीला मात्र इथे राबावं लागतं. ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू आतून पटलाला, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाला, रेटतात, कडेला झालर उठते, ती पुढे झुकून परत पटलाला चिकटते आणि मध्ये सापडलेला द्रव थेंबासारखा आत जातो. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ वॉरेन लुईस यांनी बाल्टिमोरमध्ये भक्षकपेशींच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या, चलच्चित्रांत हे पाहिलं आणि १९३१ मध्ये 'पिणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून हे नाव दिलं. भक्षकपेशी तासाभरात स्वतःच्या आकारमानाच्या जवळपास पाव हिस्सा द्रव पिऊ शकते. याला शोषण म्हणणं अन्यायाचं आहे.

पुरीही तेल पिते, वांगीही पितात, मग 'पिणे' तरी वेगळं कसं? शंका रास्त आहे. क्रियापद आपण सैल वापरतो. पण पुरीने 'तेलपान केलं' असं कुणीच म्हणत नाही. 'पान' म्हटलं की ते करणारा लागतो. म्हणून 'पान' हवंच.

अडचण 'पेशी'ची आहे. मद्यपान, धूम्रपान, सोमपान यांत पहिलं पद प्यायच्या वस्तूचं असतं. त्याच चालीवर 'पेशीपान' म्हणजे पेशीच पिऊन टाकणं! 'मांसभक्षण'च्या शेजारी 'पेशीभक्षण' ठेवलं की तीच गफलत दिसते. शिवाय घाईत वाचणाऱ्याला झाडाचं पान आठवेल ते वेगळंच.

म्हणून माझं मत 'द्रवपान'. काय प्यायलं ते पहिल्या पदात आलं. कुणी, ते वाक्यात सांगावं : 'पेशी द्रवपान करते.'

आत येणाऱ्या बारीक पिशवीला 'पुटिका' रूढ आहे, तेच ठेवावं. समजावताना मात्र मी 'पुरचुंडी' म्हणेन. एका प्रकारच्या द्रवपानात क्लॅथ्रिन या प्रथिनाचे तीन पायांचे रेणू एकमेकांत गुंतून पटलाखाली पंचकोन-षट्कोनांची जाळी विणतात, तसा पटलाला खोलगा पडतो. मग डायनामिन हे दुसरं प्रथिन त्या पुरचुंडीच्या गळ्याभोवती दोऱ्यासारखे वेढे घालतं, आवळतं आणि तिला पटलापासून तोडतं. 'क्लॅथ्रिन' हे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ बार्बरा पिअर्स यांनी १९७६ मध्ये दिलं, तेही जाळीच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. प्रथिनांची ही नावं विशेषनामं समजून तशीच ठेवावीत. 'जाळीप्रथिन' केलं तर विद्यार्थ्याला पुढच्या पुस्तकात ते सापडणार नाही.

पाणी नुसतं पटलातून आत-बाहेर होतं, तिथे मात्र 'परासरण'च लिहा. त्यात पुरचुंडी बांधली जात नाही.