अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू

इंदूरहून विचारणा आली आहे. काकांना क्रॉनिक ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आहे, पाठ दुखते म्हणून मणक्याचा एमआरआय काढला. रिपोर्टातल्या ‘मॅरो’ला घरी ‘मज्जा’ म्हटलं, तर आजी धसकली: ‘म्हणजे आजार मज्जारज्जूत गेला?’ मग नेमकं म्हणायचं काय?

‘अस्थिमज्जा’ म्हणा, नुसतं ‘मज्जा’ नको. आजींचा धसका अगदी रास्त आहे. संस्कृतात मज्जा म्हणजे हाडाच्या आतला गर, सप्तधातूंत अस्थीनंतरचा सहावा धातू. मराठीने मात्र नर्व्हला मज्जातंतू म्हटलं आणि कण्यातून जाणाऱ्या दोरीला मज्जारज्जू. हिंदीत तंत्रिका आणि मेरुरज्जु आहेत, म्हणून दवाखान्यात हिंदीत बोलताना घोटाळा होत नाही, घरी येऊन मराठीत सांगताना होतो. तसा हा गुंता फार जुना. फारसी ‘मग्ज’ हा मज्जेचाच भाऊबंद, त्याचा अर्थ मेंदूही आणि हाडातला गरही. आपला ‘मगज’ तिथूनच आला. रशियन भाषेत मेंदूला ‘मोझ्ग’ म्हणतात, तोही याच कुळातला.

मणक्याच्या एमआरआयमध्ये तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात: हाडात अस्थिमज्जा, मागच्या पोकळीत मज्जारज्जू. टी-१ प्रकारच्या चित्रात चरबी उजळ उमटते. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत चरबी बरीच असते. ल्युकेमियाच्या पेशींनी तिची जागा घेतली की अस्थिमज्जा गडद होते, कधी दोन मणक्यांमधल्या चकतीहूनही गडद. ल्युकेमिया मुळात अस्थिमज्जेतलाच आजार, त्यामुळे तिथे बदल दिसला म्हणजे तो नव्या जागी पसरला असं नव्हे. शिवाय रक्तक्षयातही हा उजळपणा कमी होऊ शकतो. म्हणूनच या आजाराचं निदान रक्ताच्या आणि अस्थिमज्जेच्या तपासणीवर होतं, एकट्या एमआरआयवर नाही.

‘क्रॉनिक’ला ‘जुनाट’ म्हणणंही मला पटत नाही. कालच कळलेला ल्युकेमियाही क्रॉनिक असू शकतो. इथे अर्थ सावकाश वाढणारा, आणि वैद्यकीय मराठीत त्याला ‘चिरकारी’ हा चांगला शब्द आहे.

आजींना मात्र ‘हाडाच्या आतल्या मगजात बदल दिसतोय’ असंच सांगा. मज्जारज्जूबद्दल रिपोर्टात ‘कॉर्ड’ या शब्दाने वेगळी ओळ असते. ती डॉक्टरांकडून समजून घ्या आणि आजींना तीही सांगा.