जाहीर व्याख्याने देत राहिल्याने इतिहासकाराचे संशोधन उथळ होते का?

इतिहासाच्या प्राध्यापकाने सर्वसामान्य श्रोत्यांपुढे बोलण्यात वर्षानुवर्षे घालवली, तर त्याच्या संशोधनाची खोली कमी होते का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते येल विद्यापीठातील प्राध्यापिका जोआन फ्रीमन यांना ऐकून बनलेले आहे.

अमेरिकन क्रांतीवरील त्यांची 25 व्याख्याने 2010 साली वर्गातच चित्रित झाली आणि येलने ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. पहिल्याच व्याख्यानात त्या क्रांतीतील एक नेते आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स यांनी 1815 मध्ये आपले सहकारी, माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांना लिहिलेल्या पत्राचा आधार घेतात. युद्ध म्हणजे क्रांती नव्हे, लेक्सिंग्टन येथे (युद्धाची पहिली चकमक झाली त्या गावी) रक्त सांडण्यापूर्वीच्या पंधरा वर्षांत लोकांच्या मनांत जे घडले ती क्रांती, असे ॲडम्स त्यात म्हणतात. पुढे काय होणार हे त्या माणसांना ठाऊक नव्हते, याची आठवण फ्रीमन श्रोत्यांना करून देतात. शाळेतील पाठ्यपुस्तकांतून सनावळ्या शिकलेल्या माझ्यासारख्याला हा मोठाच धक्का होता.

परंतु माझ्या मुद्द्याचा खरा पुरावा अलेक्झांडर हॅमिल्टन आणि त्या वेळचे उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांच्या द्वंद्वयुद्धात आहे; त्यात हॅमिल्टन यांचा जीव गेला. हॅमिल्टन यांच्यासारखा, देशाचा पहिला अर्थमंत्री राहिलेला बुद्धिमान माणूस, ज्याचा थोरला मुलगा 1801 मध्ये अशाच द्वंद्वात मारला गेला होता, तो 11 जुलै 1804 रोजी हडसन नदी ओलांडून वीहॉकेनला पिस्तूल हाती घ्यायला का गेला? हा प्रश्न कोणताही सामान्य श्रोता पहिल्यांदा विचारील, आणि फ्रीमन यांच्या संशोधनाचा गाभाही नेमका तोच आहे. पक्षांची घडी नीट बसलेली नव्हती, अशा काळात नेत्याचा लौकिक हेच त्याचे राजकीय भांडवल होते. त्यामुळे द्वंद्वाचा हेतू बहुधा समोरच्याला ठार मारण्याचा नसे, अब्रूसाठी आपण प्राण द्यायला तयार आहोत हे दाखवण्याचा असे, आणि पुष्कळ प्रकरणे गोळी सुटण्याआधी मध्यस्थांच्या पत्रव्यवहारातच मिटत. हॅमिल्टन यांनी मागे ठेवलेल्या निवेदनातही, भविष्यात देशाच्या उपयोगी पडायचे असेल तर लोकांच्या या समजुतीला मान देणे भाग आहे, असा युक्तिवाद आढळतो.

हे सारे ज्याला मुळीच पूर्वज्ञान नाही त्याला पटवायचे, तर पारिभाषिक शब्दांचा आडोसा घेता येत नाही, आणि युक्तिवादातील कच्चे दुवे बोलताना स्वतःलाच जाणवू लागतात. त्यांचे पुढचे संशोधन यादवी युद्धापूर्वीच्या अमेरिकी काँग्रेसमधील, म्हणजे तिथल्या संसदेतील, हाणामाऱ्यांवर आहे, आणि त्यात त्यांनी 70 हून अधिक हिंसक प्रसंग जुन्या कागदपत्रांतून शोधून काढले. व्याख्यानांमुळे दफ्तरखान्याकडे दुर्लक्ष झाले असते, तर हे काम उभे राहिले नसते.

आपण पहिल्या व्याख्यानापासूनच सुरुवात करावी, आणि ‘लोकशाही’सारखा शब्द कानावर पडला की त्या काळी त्याचा अर्थ काय होता, तिकडे विशेष लक्ष द्यावे.