नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरनंतर ट्रायथलॉनला परत कसं उतरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नडगीच्या हाडाला आतल्या बाजूने स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या आपटण्याने पडलेली बारीक भेग), नऊ आठवडे पळणं बंद, आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. पोहणं आणि सायकल चालू असल्यामुळे दम उत्तम आहे. राहायला सातारा, आणि पाच महिन्यांवर गोव्याची ७०.३, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं. व्यावसायिक खेळाडू कसे परततात आणि तुम्हाला ते जमेल का?

जमू शकतं. पण पूर्ण शर्यत की रिले, म्हणजे तिन्ही प्रकार मित्रांत वाटून घ्यायचे, हा निर्णय आज घेऊ नका, बारा आठवड्यांनी घ्या. आणि तुम्ही ज्याला जमेची बाजू म्हणताय, तो उत्तम दम, तीच या दुखापतीत सगळ्यात मोठी अडचण आहे.

नुसता पळणारा माणूस नऊ आठवडे घरी बसला की परतल्यावर दोन किलोमीटरात धापा टाकतो. त्याची छातीच त्याला थांबवते आणि हाड आपोआप वाचतं. ट्रायथलीटचं उलटं होतं. हृदय-फुप्फुसं तयार, मांड्या तयार, आणि नडगीने मात्र नऊ आठवडे आपटणं पाहिलेलंच नाही. इंजिन ट्रकचं आणि चासी लुनाची. पहिल्याच आठवड्यात सहज दहा किलोमीटर पळता येतं, काही दुखत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याच जागी पुन्हा कळ येते.

तिसऱ्या-चौथ्याच का, तेही समजून घ्या. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुना, थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, भरून घट्ट व्हायला तीन महिन्यांच्या आसपास. म्हणजे पळणं सुरू केल्यावर महिन्याभराने हाड सुरुवातीपेक्षा थोडं कच्चंच असतं, आणि नेमका तेव्हाच आपला आत्मविश्वास वाढलेला असतो. व्यावसायिकांचा फायदा इथे आहे. भार मोजणारा दुसरा माणूस त्यांच्याजवळ असतो आणि तो नाही म्हणतो. ब्रिटनची ट्रायथलीट लुसी चार्ल्स-बार्कले हिला २०२२च्या सुरुवातीला कमरेच्या सांध्याजवळ स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती लांब पल्ल्याची जागतिक विजेती झाली, ऑक्टोबरमध्ये हवाईतल्या कोनाला, आयर्नमनच्या जागतिक स्पर्धेत, दुसरी आली आणि २०२३ला कोना जिंकली. जर्मनीचा यान फ्रोडेनो २०१८ला त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाच्या, स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे कोनाला उतरलाच नाही, आणि २०१९ला ७ तास ५१ मिनिटांत जिंकला. परतण्याची घाई आणि शर्यत सोडण्याची तयारी, दोन्ही एकाच माणसात असावी लागते.

सुरू करण्याआधी रिपोर्ट पुन्हा काढून वाचा. त्यात 'अँटेरिअर कॉर्टेक्स', म्हणजे नडगीचा पुढचा काठ, किंवा मांडीच्या हाडाची मान, किंवा पावलातलं नॅव्हिक्युलर हाड असं काही लिहिलं असेल तर खालचं वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. त्या जागा हट्टी असतात, तिथे डॉक्टर सांगतील तेच. आतल्या-मागल्या काठाचं असेल तर पुढे वाचा. निदान फक्त एक्स-रेवर झालं असेल तर लक्षात ठेवा, सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छच दिसतो. ग्रेड, म्हणजे दुखापत किती खोल, कळतो तो एमआरआयवर.

मग घरी चार गोष्टी तपासा. अर्धा तास भरभर चालून त्या वेळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच दुखू नये. दुखऱ्या जागेवर अंगठ्याने जोरात दाबल्यावर कळ येऊ नये. दुखऱ्या पायावर जागच्या जागी दहा लंगडी उड्या बिनदुखत याव्यात. आणि एका पायावर टाच उचलण्याचे २० ते २५ फेरे दोन्ही पायांना सारखेच जमावेत. शेवटच्या परीक्षेत बहुतेक जण नापास होतात, कारण दुखापतीत दिलेला आधाराचा बूट घालून पोटरी वाळलेली असते. नापास झालात तर आणखी दोन आठवडे पोटरीवर घाला, पळू नका.

पळण्याचा क्रम असा. पहिला आठवडा: १ मिनिट पळणं, ४ मिनिटं चालणं, असं ६ वेळा, एक दिवस आड. दुसरा: २ पळणं, ३ चालणं. तिसराही तसाच, मुद्दाम, वर सांगितलेल्या कारणासाठी. चौथा: ३ आणि २. पाचवा: ४ आणि १. सहाव्यात सलग २० मिनिटं, सातव्यात २५, आठव्यात ३०. वेग असा की शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात. हे फार म्हणजे फारच कंटाळवाणं वाटेल, घड्याळावर हृदयाचे ठोके पाहून लाज वाटेल. वाटू द्या. छातीला जोर हवाच असेल तर तो सायकलवर आणि पाण्यात काढा. दर आठवड्याला १० टक्के वाढवायचा जो नियम सगळे सांगतात तो इथे फारसा कामाचा नाही. त्यापेक्षा हा पाळा: वेळ, वेग आणि चढ-उतार यांतली एकच गोष्ट एका वेळी वाढवायची, आणि आठ आठवडे फक्त वेळ.

पावलं थोडी आखूड आणि जलद ठेवा. एका मिनिटात उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजा. ८० असेल तर ८४-८५वर आणा. एवढ्यानेच प्रत्येक पावलाचा आपट कमी होतो.

आता साताऱ्याची अडचण. इथे पळणाऱ्याचा पाय आपोआप यवतेश्वरच्या घाटाकडे वळतो. चढणं नडगीला तितकंसं वाईट नाही, कारण चढावर आपट कमी असतो. वाईट ते उतरणं, प्रत्येक पावलाला ब्रेक. म्हणून नवव्या आठवड्यानंतर घाट करायचाच असेल तर पळत वर जा आणि खाली कुणाच्या तरी गाडीवरून या. घरच्यांना चमत्कारिक वाटेल, पण हाडाला मानवतं. सातारा हिल मॅरेथॉनसुद्धा याच कारणाने परतीची पहिली शर्यत म्हणून घेऊ नका. जाताना चढ आहे तसा येताना सगळा उतार आहे. पहिले आठ आठवडे शाहू स्टेडियमसारखं सपाट मैदान बरं, आणि फेऱ्यांची दिशा दर वेळी उलटी करा, नाहीतर वळणावर एकाच पायावर सारखा जास्त भार पडतो. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, तिथेही तीच गोष्ट. पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की ट्रेडमिल वापरा. सांगली-मिरजेच्या लोकांना सपाट रस्त्यांचं सुख आहे, ते त्यांनी मुकाट्याने भोगावं.

मोठ्या खेळाडूंकडे वजन हलकं करणारी हवेच्या पिशवीची ट्रेडमिल असते. तुमच्याकडे तरणतलाव आहे. छातीपर्यंतच्या पाण्यात शरीराचं वजन साधारण एक तृतीयांश उरतं, कमरेपर्यंतच्या पाण्यात निम्मं. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा २० मिनिटं छातीभर पाण्यात पळा. बॅचमध्ये गर्दी असेल तर कडेची लेन मागून घ्या. पोहताना भिंतीवरून दोन्ही पायांनी जोरात ढकलू नका. पहिले तीन-चार आठवडे चांगल्या पायाने हलकं ढकला. फिन्स नकोत.

उघड्या पाण्यावर सराव हवाच, गोव्याला समुद्र आहे. पण पावसाळ्यात नाही. कण्हेरच्या जलाशयात उतरायचं तर आधी परवानगी, मग सोबत होडी आणि कमरेला रंगीत फुगा. आणि सांगलीकडच्या मित्राने कृष्णेत चल म्हटलं तर भिलवडी, औदुंबर भागात मगरी आहेत हे त्याला माहीत असतंच, तुम्हीही लक्षात ठेवा.

सायकलवर दोन गोष्टी जपा. क्लीटमधून, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या खटक्यातून, पाय काढताना नडगीला पीळ बसतो, म्हणून थांबताना आधी चांगला पाय सोडा. आणि पहिले सहा आठवडे घाटात सीटवरून उठून पेडल मारू नका. मागच्या चाकाला ३२ दातांपर्यंतची कॅसेट (गिअरची दातेरी चक्रं) बसवा, बसूनच मिनिटाला ८५-९० फेऱ्यांनी चढा. पसरणी घाट किंवा कासचा रस्ता जून ते सप्टेंबर धुक्याचा आणि निसरडा असतो. स्ट्रेस फ्रॅक्चर भरून येतंय आणि पडून गळ्याचं हाड मोडलं, हा मूर्खपणा टाळा. पावसाळ्याचे लांब तास घरात, सायकल जागेवर चालवायच्या ट्रेनरवर बसून करा.

सायकलवरून उतरून लगेच पळणं, ज्याला आपण ब्रिक म्हणतो, ते सलग ३० मिनिटं बिनदुखत झाल्यावरच. थकलेली पोटरी आपट झेलत नाही, तो थेट हाडावर जातो. पहिली ब्रिक ४० मिनिटं हलकी सायकल आणि १० मिनिटं पळणं एवढीच. पोटरीची ताकद म्हणूनच महत्त्वाची, त्यातही आतला सोलियस स्नायू. तो गुडघा वाकवूनच नीट तयार होतो: बसून, गुडघ्यांवर वजन ठेवून टाचा उचला. आठवड्यातून दोनदा, १२चे ३ फेरे, मग वजन वाढवत ६चे ४. हा व्यायाम पळण्याच्या दिवशीच संध्याकाळी करा, म्हणजे विश्रांतीचा दिवस खरोखर विश्रांतीचा राहतो.

आता खाणं, कारण हे हाड पहिल्यांदा मोडलं का, याचं उत्तर बऱ्याचदा ताटात सापडतं. आठवड्याला बारा-चौदा तास सराव आणि जेवण मात्र ऑफिसात बसणाऱ्या माणसाचं, असं झालं की शरीर हाडाच्या दुरुस्तीवरचा खर्च आधी कापतं. बायकांमध्ये पाळी लांबणं किंवा बंद होणं ही त्याची उघड खूण आहे, पुरुषांमध्ये ती दिसत नाही इतकंच. या बारा आठवड्यांत वजन उतरवायचं नाही. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ ते २ ग्रॅम प्रथिनं, १००० ते १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम. नाचणीच्या एका भाकरीत, ५० ग्रॅम पीठ धरलं तर, १७० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं, पेलाभर दुधात ३००. ड जीवनसत्त्वाची रक्तचाचणी करून घ्या. पातळी ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर हवी. ६०,००० युनिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका, डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे झाले की पुन्हा तपासा. श्रावण तुमच्या सरावाच्या ऐन मध्यात येतोय. उपवास करा, पण उपवासाच्या दिवशी पळू नका, आणि साबुदाण्याबरोबर दही आणि भरपूर दाणे घ्या.

दुखलं तर काय? पोटरी, टाचेची शीर इथे दहापैकी दोन-तीन दुखणं चालतं. हाडाला शून्यच. फरक ओळखायची सोपी खूण: पसरट, बोटभर लांबीत हुळहुळणारं दुखणं बहुधा स्नायूच्या आवरणाचं; एका बोटाने नेमकं दाखवता येणारं, रात्री अंथरुणात जाणवणारं दुखणं हाडाचं. दुसरं आलं की त्याच दिवशी थांबा, तीन दिवस बिनदुखत गेले की एक पायरी खाली येऊन सुरू करा. आठवडाभर राहिलं तर डॉक्टर. पळण्याआधी वेदनाशामक गोळी अजिबात नको, ती फक्त धोक्याची घंटा बंद करते. आणि हाड 'बसवून' देणाऱ्याकडून किंवा तालमीत कुणाकडून ती जागा चोळून घेऊ नका. भेग चोळून मिटत नाही, उलट सुजते.

बाराव्या आठवड्याचा निर्णय असा करा. आधीचे तीन आठवडे दर आठवड्याला तीनदा पळणं झालंय, सगळ्यात लांब ६० मिनिटांचं, दोन ब्रिक झाल्यात, आणि नडगी एकदाही बोलली नाही, तर पूर्ण शर्यतीची तयारी करा. मग अठराव्या आठवड्यापर्यंत लांब पळणं ९५-१०० मिनिटांवर आणा, त्यापुढे नाही. २१ किलोमीटर पूर्ण पळून बघायची गरज नाही; शर्यतीत प्रत्येक पाणी-थांब्यावर चालायचं, पहिल्या थांब्यापासून, थकल्यावर नाही. यातलं एकही कमी असेल तर रिलेत सायकल घ्या आणि पळायला मित्र शोधा.

शेवटी बुटांबद्दल: कार्बन प्लेटवाले बूट बाराव्या आठवड्याआधी बाहेर काढू नका. ते पायावरचा भार वेगळ्या हाडांवर नेतात, आणि त्या हाडांनीही गेले नऊ आठवडे काही केलेलं नाही. रोजचे बूट ६००-८०० किलोमीटर झालेले असतील तर मात्र आत्ताच बदला.