गॅस भरायचा की एसी बदलायचा?

प्रश्न : कळंगुटला आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. जुन्या एसीत दरवर्षी आर-२२ गॅस भरावा लागतो. नवा आर-३२ गॅसचा एसी घ्यावा, तर म्हणे तोही पुढे कमी करणार. मग घ्यायचा कशाला?

उत्तर : वहिनी, एसीतला गॅस वापरून संपत नाही. दरवर्षी भरावा लागतो म्हणजे गळतोय. किनाऱ्यावर खारा वारा कॉइल खातो. म्हापशात दुकान चालवताना मी हेच बघत आलोय. आधी गळती शोधायला लावा. भरून पैसे घेणं सोपं, म्हणून कुणी शोधत नाही!

आर-२२ ओझोन खातो, शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट ऊब धरतो. आर-३२ ओझोनला हात लावत नाही, पण ऊब सुमारे ६७५ पट. म्हणूनच २०१६च्या किगाली करारात तोही हळूहळू कमी करायचं ठरलं. लगेच बंद होणार नाही, घ्या.

असे करार कंपन्या ऐकतात का, असं वाटेल. १९८९ नंतर एकमेकींच्या स्पर्धक इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी सर्किट बोर्ड सीएफसीशिवाय (हीही ओझोन खाणारी रसायनं) धुण्याच्या युक्त्या आपसांत फुकट वाटल्या होत्या. आमच्या बाजारात शेजारचा मेकॅनिक पानाही उसना देत नाही.

आणि जुना गॅस हवेत सोडू देऊ नका, सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा.