फ्रेंच नुकतं सुरू केलंस? मग वर्गाबाहेरही ये

ए-वनला, म्हणजे अगदी पहिल्या पातळीला नाव नोंदवलंस, छान केलंस. पण नुसता वर्ग आणि गृहपाठ यांवर भाषा जिभेवर बसत नाही. पुण्यात पत्रकारनगरच्या आलियाँस फ्रान्सेझमध्ये, म्हणजे फ्रेंच भाषा-संस्कृती केंद्रात कार्यक्रम असला, की जात जा. 'मला अजून येत नाही' म्हणून घरी बसू नकोस. मी पहिले सहा महिने तेच केलं, त्याची हळहळ अजून वाटते.

सिनेमापासून सुरुवात कर. खालची इंग्रजी अक्षरं खुशाल वाच, पण एखादं तरी वाक्य कानांनी पकड. पुस्तकात 'ज न से पा' असतं, म्हणजे 'मला माहीत नाही'. पडद्यावर ऐकू येतं नुसतं 'शे पा'. मधला 'न' गायब! हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी अंधारातच वहीत लिहून ठेवलं होतं.

20 मार्चचा फ्रँकोफोनी दिवस, म्हणजे जगभरच्या फ्रेंच बोलणाऱ्यांचा दिवस, आणि 21 जूनचा संगीतोत्सव लक्षात ठेव. हा उत्सव फ्रान्समध्ये 1982 साली सुरू झाला, तिथे तो रस्त्यारस्त्यांवर रंगतो. 2 फेब्रुवारीला तिकडे क्रेप करतात. दिसायला आपलं घावन, पण मैदा, दूध आणि अंड्यांचं. एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने क्रेप उडवून उलटायचा, म्हणजे वर्षभर पैसा टिकतो म्हणे. कुठे क्रेप होत असले, तर पुढे हो आणि पीठ ढवळायला घे. हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं.

आणि संध्याकाळी आत शिरताना आधी 'बाँसुआर', म्हणजे 'शुभ संध्याकाळ' म्हण. त्याशिवाय थेट प्रश्न विचारलेला फ्रेंच माणसाला खटकतो.