‘झोप लागते का?’ याचं तयार उत्तर माझ्याकडे मागू नका

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावातून वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा १९ वर्षांचा, बारावी सायन्सला ६१ टक्के. अग्निवीर भरतीची ऑनलाइन परीक्षा तो पास झालाय, ग्राउंड आणि मेडिकल व्हायचं आहे. दोन वर्षांपूर्वी रापणीची होडी उलटली आणि त्याचा मित्र त्याच्या डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर त्याची झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली. ओरोसच्या सिव्हिलमधल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या गोळ्या चार महिने चालल्या. डॉक्टरांनीच त्या बंद केल्या, त्यालाही आता दीड वर्ष झालं. वडील विचारतात, की भरतीच्या चाचणीत आणि पुढे ट्रेनिंगमध्ये मानसिक तपासणी झाली तर कोणती उत्तरं द्यायची, म्हणजे ‘ते जुनं प्रकरण’ बाहेर येणार नाही? सोबत एका भरती ॲकॅडमीने दिलेल्या ‘आदर्श उत्तरां’ची सहा पानं जोडली आहेत. आणि पत्राच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात, एक ओळ आहे: ‘मॅडम, मला जायचंय. पण झोपेचं विचारलं तर काय सांगू?’

नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मार्क, ग्राउंड, उंची, छाती यांत मला काळजीचं काही दिसलं नाही. अडखळले ते एका वाक्याशी. ‘मर्दासारखा राहा, त्या गोष्टीचा शब्द तोंडातून काढू नकोस, असं मी त्याला रोज बजावतो,’ असं तुम्ही लिहिलंय. रोज! ज्या मुलाने सतराव्या वर्षी मित्राला पाण्याखाली जाताना पाहिलं, त्याला घरात त्याबद्दल बोलायची बंदी आहे, आणि ती बंदी त्याला रोज नव्याने ऐकवली जाते. भरतीचं नंतर बोलू. आधी हे थांबवा. आजपासून थांबवा.

तुमची भीती मला कळते. आपल्याकडे एखादा दोन दिवस गप्प बसला तरी आवाठात कुणीतरी म्हणतंच, “ह्येका रत्नागिरीक व्हरूक होयो.” तिथे मनोरुग्णालय आहे, एवढ्यावरून एका अख्ख्या शहराचं नाव आपण टोमणा करून टाकलंय. तुमच्या घरात लग्नाची मुलगी आहे, मुलाचे मामा सुभेदार होऊन निवृत्त झालेत, परीक्षेचा निकाल लागला तेव्हा वाडीत पेढे वाटून झालेत. लोक काय म्हणतील हा धाक खोटा नाही. पण तुम्ही लपवताय ते नेमकं काय? मुलाला जबर धक्का बसला, तो आजारी पडला, औषध घेतलं, बरा झाला. गाऱ्हाणी आणि देवस्की करून झाल्यावर का होईना, तुम्हीच त्याला ओरोसला नेलंत. या सगळ्या काळात तुमच्या हातून झालेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच आहे, आणि तिचीच तुम्हाला लाज वाटते आहे, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसरं ओझं पैशाचं. ‘चार वर्षांनी बारा लाख येतील, त्यात बहिणीचं लग्न उरकू,’ असं तुम्ही लिहिता. चार वर्षांच्या शेवटी मिळणारी रक्कम, म्हणजे सेवानिधी, व्याजासह साधारण ११.७१ लाख आहे, हे खरं. पण चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीची मुलं तेविशी-चोविशीत घरी येतात आणि पुढचं आयुष्य त्यांना त्याच रकमेतून उभं करायचं असतं. त्याने अजून ग्राउंडवर पाऊल ठेवलेलं नाही आणि तुम्ही त्याची पुंजी खर्चून मोकळे झालात. लग्नाचा हिशेब त्याच्यासमोर पुन्हा मांडू नका.

आता चाचणीबद्दल. ॲकॅडम्यांनी यात मोठा गोंधळ करून ठेवलाय. भरतीतली अनुकूलता चाचणी वेगळी आणि मानसिक आरोग्याची तपासणी वेगळी. हवाई दलाच्या अग्निवीरवायू भरतीत अनुकूलता चाचणी आधीपासून आहे, लष्करानेही ती आता लावली आहे. थंडी, वाळवंट, घरापासून दूरची बॅरेक, शिस्त आणि हुकूम या सगळ्यात हा मुलगा रुळेल का, एवढं ती बघते. तिथे आजाराचं निदान होत नाही. मानसिक आरोग्याची तपासणी म्हणजे सध्या तुला काही त्रास आहे का, मदत लागेल का, हे विचारणं. तुम्ही या दोन्हींना एकच सापळा समजून बसलात आणि त्या सापळ्यातून सुटायच्या युक्त्या म्हणून ही सहा पानं विकत घेतलीत. मी ती वाचली. ‘मला कधीही राग येत नाही.’ ‘मला कधीही भीती वाटली नाही.’ ‘मी कधीच खोटं बोललो नाही.’ अहो, असं लिहिणाऱ्याला पकडायची सोय मानसशास्त्रज्ञांनी केव्हाच करून ठेवली आहे. मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली आणि १९४३ साली प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात स्वतःला धुतल्या तांदळासारखं दाखवणारी उत्तरं मोजण्यासाठी वेगळी मोजपट्टीच आहे. त्यानंतरच्या कितीतरी चांगल्या प्रश्नावल्यांत तशी सोय असते. ही सहा पानं पाठ करून गेलेला मुलगा खंबीर ठरण्याऐवजी काहीतरी लपवणारा ठरायचा. पानं चुलीत घाला.

आणि तुम्ही समजता तेवढी ताकद या तपासणीत मुळात नाही. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तोफांच्या माऱ्याने कोण खचेल हे आधीच हेरता यावं म्हणून रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने हो किंवा नाही असं उत्तर द्यायची एक प्रश्नावली तयार केली. तिच्या अगदी सुरुवातीच्या प्रश्नांपैकी एक म्हणजे, तुम्हाला एरवी झोप नीट लागते का? तुमचा मुलगा मला जे विचारतोय ते शंभर वर्षांहून जुनं आहे. ती प्रश्नावली प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत युद्ध संपलं. दुसऱ्या महायुद्धात मात्र अमेरिकेने ही चाळणी जोरात लावली आणि मानसिक कारणांवरून साडेसतरा लाखांहून अधिक तरुणांना घरी पाठवलं. तरीही आघाडीवर मनाने कोसळणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या महायुद्धापेक्षा वाढलंच. किती दिवस सलग लढला, झोप किती मिळाली, शेजारचा जवान आपला वाटतो का, वरचा अधिकारी कसा आहे, याने माणूस टिकतो किंवा मोडतो, हे डॉक्टरांना लढाईतच शिकावं लागलं.

एक कल्पनेतला हिशेब करून बघा. हजार रंगरुटांपैकी ५० जणांना पुढे खरोखर त्रास होणार आहे असं धरा. चाचणी त्यांतले ४० जण बरोबर ओळखते, पण बाकीच्या ९५० पैकी दर पाचव्यावर चुकून खूण करते. म्हणजे खूण झाली २३० जणांवर, आणि त्यातले १९० जण धडधाकट! म्हणून कुठलंही शहाणं सैन्य नुसत्या प्रश्नावलीवरून कुणाला घरी पाठवत नाही, खूण झालेल्याला माणसासमोर बसवतं. अमेरिकेच्या हवाई दलात टेक्ससमधल्या लॅकलँड तळावर नवे रंगरूट आले, की पहिल्या काही दिवसांतच त्यांच्याकडून अशी प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत आहे. ज्याची उत्तरं काळजीची वाटतात त्याला मानसशास्त्रज्ञ भेटतो, बोलतो, आणि त्यातले कित्येक परत आपल्या तुकडीत जातात.

मला खरी काळजी ट्रेनिंगची आहे. लष्कराचं अग्निवीर प्रशिक्षण साधारण ३१ आठवड्यांचं असतं, त्यातले पहिले १० मूलभूत. पहाटे उठणं, पीटी, ड्रिल, उस्तादाचा आवाज, माश्याच्या कढीऐवजी रोज चपाती, फोन ठरलेल्या वेळेलाच. या दिवसांत झोप जवळजवळ प्रत्येकाची बिघडते. ज्याला हे बोलता येतं तो दोन-तीन आठवड्यांत रुळतो. ज्याला घरून गप्प बसायची शिकवण मिळाली आहे तो आतल्या आत कुढतो.

काही वर्षांपूर्वी गुहागरकडचा एक मुलगा ट्रेनिंग अर्धवट सोडून परत आला. घरच्यांनी गावात सांगितलं, पाय मोडला. माझ्यासमोर बसला तेव्हा पाय ठणठणीत होता. त्याला तिथे दोनदा विचारलं होतं, झोप येते का, घरची फार आठवण येते का. दोन्ही वेळा तो “सब ठीक, साहब” म्हणाला, कारण वडिलांनी तसंच सांगून पाठवलं होतं. एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, जाणारा तो कामचुकार, असं बॅरेकमधली मुलं म्हणायची, म्हणून तिकडेही फिरकला नाही. शेवटी फायरिंगच्या वेळी हात थरथरायला लागले ते थांबेनात. “पहिल्यांदा विचारलं तेव्हाच बोललो असतो तर मागच्या बॅचला टाकलं असतं एवढंच,” असं तो मला म्हणाला. त्याचे वडील शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत.

तेव्हा तुम्ही मागितलेली उत्तरं मी देणार नाही. आणि सांगितलं तरी काही होणार नाही, असा खोटा दिलासाही देणार नाही. मानसिक आजाराचा पूर्वेतिहास हा भरतीच्या मेडिकलमध्ये बघितला जाणारा मुद्दा आहे. डॉक्टर त्याला अनफिट ठरवू शकतात, ही शक्यता खरी आहे. तसं झालं तर लष्करी रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते. पण लपवून आत गेला आणि पुढे उघड झालं, तर खोटी माहिती दिली म्हणून कुठल्याही टप्प्यावर काढतात, आणि तो डाग पुढच्या सरकारी अर्जांतही आडवा येऊ शकतो. अजून त्याने कुठेही खोटं लिहिलेलं नाही. वेळ गेलेली नाही.

इतर वाटा तुम्हाला ठाऊक असतील: पोलीस भरती, तटरक्षक दलात नाविक (तिथे अग्निवीरांची चार वर्षांची अग्निपथ योजना नाही), सीईटी देऊन रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. समुद्राशी त्याचं नातं सध्या कसं आहे हे मात्र त्याला विचारल्याशिवाय त्याला पाण्याच्या वाटेला लावू नका.

इथून पुढचं त्याच्यासाठी. त्याला स्वतः वाचू द्या.

बाळा, अख्ख्या पत्रात मला सगळ्यात आवडली ती तुझी एक ओळ. जायचं तुला आहे, हे तू स्पष्ट लिहिलंस. मामांना किंवा वाडीला हवंय म्हणून नको जाऊस. तुला हवं असेल तर जा.

झोपेचं विचारलं तर जे असेल ते सांग. ‘मित्र गेला तेव्हा झोप उडाली, चार महिने औषध घेतलं, दीड वर्ष गोळी नाही, आता झोपतो.’ एवढंच. रडगाणं नको, बढाईही नको. आता झोपत नसशील तर तेही सांग, पण ते आधी तुझ्या डॉक्टरांना सांग. पावसाळ्यात, किंवा तो दिवस जवळ आला की झोप उडते का? लाटांच्या आवाजाने दचकतोस का? हे मी विचारतेय ते तुला अडवायला नाही. याची उत्तरं तुला स्वतःला माहीत असली तर समोर कुणीही बसलं तरी घाबरायला होत नाही.

तू सज्ञान आहेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझ्या उपचारांची माहिती गोपनीय आहे, ती कुणाला किती सांगायची हे तू ठरवायचं. रात्री एकटं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. भरती झालास तर हेही लक्षात ठेव, की सैन्यदलांतल्या लोकांसाठी याच सेवेचा वेगळा कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये सुरू झाला. जवान बोलत नाहीत म्हणून तो उघडावा लागला. तू त्यात पहिला नसशील.

ग्राउंडचं म्हणशील तर १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण ६० गुण, दहा बीमचे (पुल-अप्सचे) ४०. तू रोज पुळणीवर धावतोस असं वडील लिहितात. आठवड्यातले तीन दिवस कडक मैदानावर धाव, पायाला दोन्ही सवयी हव्यात.

आणि ग्राउंडच्या आधी एकदा ओरोसला जा. जुना केसपेपर घेऊन त्याच डॉक्टरांना भेट. उपचार कधी सुरू झाले, कधी थांबले, आज तब्येत कशी आहे, हे त्यांच्याकडून सहीशिक्क्यानिशी लिहून माग. केसपेपर सापडत नसेल तर आधार कार्ड ने, जुनी नोंद शोधून द्यायला सांग. वडिलांना सोबत यायचं असेल तर येऊ दे. ते बाहेरच्या बाकावर बसतील. आत तू एकटा जा.