अँग्लो-सॅक्सन (जर्मनिक वंशाच्या राजांचे) इंग्लंड ख्रिस्ती कसे झाले? तलवारीच्या जोरावर का?

नाही, तलवारीने नाही. तो प्रकार फ्रँकांचा राजा शार्लमेनने जर्मनीतल्या सॅक्सनांवर केला, तोही नंतर, 772 पासून. इंग्लंडमध्ये धर्म आला तो बराचसा राण्यांच्या माहेरातून.

आग्नेय इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याची राणी बर्था ही फ्रँक (आजच्या फ्रान्सकडची) राजकन्या, आधीपासूनच ख्रिस्ती. म्हणूनच 597 मध्ये पोप ग्रेगरीने पाठवलेल्या ऑगस्टीन या धर्मप्रचारक साधूला तिथे पाय रोवता आले. पुढे तिची मुलगी उत्तरेकडच्या नॉर्थंब्रियाचा राजा एडविन याला दिली. सोबत पॉलिनस हा बिशप गेला आणि 627 च्या ईस्टरला यॉर्कमध्ये एडविनचा बाप्तिस्मा झाला.

धर्मप्रसाराची पद्धत ग्रेगरीच्या 601 च्या पत्रांत दिसते. जूनमध्ये त्याने एथेलबर्टला जुन्या देवांची देवळे पाडायला सांगितले. जुलैत मत बदलले: मूर्ती फोडा, पण इमारत राखा, पवित्र जल शिंपडा, वेदी उभारून संतांचे अवशेष ठेवा, बैल कापायचेच तर सणाच्या जेवणासाठी कापू द्या. माझ्या मते हा दुसरा सल्ला जास्त व्यवहारी होता.

अडचण अशी की सगळे राजावर टांगलेले. एथेलबर्ट वारला आणि गादीवर आलेला मुलगा एडबाल्ड जुन्या देवांनाच मानत राहिला (नंतर ख्रिस्ती झाला). पूर्व अँग्लियाच्या रेडवाल्डने तर एकाच देवळात ख्रिस्ताची आणि जुन्या देवांची अशा दोन वेद्या ठेवल्या! 633 मध्ये एडविन लढाईत पडताच पॉलिनस केंटला पळाला. नॉर्थंब्रियात पुन्हा घडी बसवली ती स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरून आलेल्या आयरिश साधू एडनने, 635 पासून, लिंडिसफार्न बेटावरच्या मठातून.